संपाची वार्ता आणि विद्यार्थ्याचें वर्ष

एकत्र कुटुंबांत पानावर बसलेल्या मंडळींकडे सहज दृष्टि टाकली, तर आजकाल पुष्कळ घरांत एक तरी महाविद्यालयांत शिकविणारा आणि एक तरी तेथें शिकणारा आढळतो. काका प्राध्यापक असतात, पुतणी पदवीच्या शेवटच्या वर्षाला असते. एरवीं या दोघांचें हित एकच. परंतु ‘प्राध्यापक संपावर जाणार’ अशी वार्ता वर्तमानपत्रांत आली, कीं त्याच पंगतींत दोन पक्ष पडतात. काका म्हणतात, ‘‘आमच्या मागण्या न्याय्य आहेत, अर्ज-विनंत्या करून वर्षें लोटलीं.’’ पुतणी म्हणते, ‘‘पण काका, आमच्या परीक्षेचें काय?’’ आजोबा दोघांकडे पाहून उद्गारतात, ‘‘गुरूनें संप करायचा म्हणजे झालें तरी काय!’’ वाढणारी आई कांहीं बोलत नाहीं. पण मुलीच्या पुढल्या वर्षाचा जो बेत तिनें मनाशीं मांडून ठेवलेला असतो, तो विस्कटणार हें तिच्या ध्यानांत सर्वांच्या आधीं आलेलें असतें.

प्रस्तुत लेखांत या चौघांपैकीं कोणा एकाचा पक्ष घेऊन भांडण वाढविण्याचा हेतु नाहीं. येथें पाहावयाचें तें इतकेंच कीं, संप होण्याचा नुसता संभव निर्माण झाला म्हणजे विद्यार्थ्याच्या पदरीं प्रत्यक्ष काय येतें, आणि तें सर्वांच्या पदरीं सारखेंच येतें काय. यासाठीं पुणें जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगांव हे दोन तालुके डोळ्यांपुढें ठेवले आहेत. कारण शहरांत जें नुकसान पोटांत घातलें जातें, तें येथें उघडें पडतें.

आजोबांचा आक्षेप

आजोबांचें म्हणणें हंसण्यावारीं नेण्याजोगें नाहीं. पुण्यास १८८० सालीं न्यू इंग्लिश स्कूल आणि १८८५ सालीं फर्ग्युसन कॉलेज निघालें, तें अल्प वेतनावर आयुष्य वाहून घेणाऱ्या तरुण पदवीधरांच्या बळावर. अध्यापक म्हणजे स्वार्थत्यागी पुरुष, ही आपल्या घरांतील समजूत तेथून दृढ झाली. परंतु हेंहि विसरतां कामा नये कीं, त्याच संस्थेंत आजीव सदस्यांनीं बाहेरची मिळकत करावी कीं नाहीं या प्रश्नावरून तीव्र मतभेद झाले, आणि १८९० सालीं लोकमान्य टिळक संस्थेंतून बाहेर पडले. त्यागाच्या त्या सुवर्णयुगांतहि अध्यापकाच्या पोटाचा प्रश्न होताच. तो चार भिंतींच्या आंत होता, एवढाच काय तो भेद.

आज महाविद्यालय चालवितें एक मंडळ, अनुदानित जागांचें वेतन देतें राज्य सरकार, पात्रतेचे नियम करतें दिल्लीचें विद्यापीठ अनुदान मंडळ आणि परीक्षा घेतें विद्यापीठ. या चार धन्यांपैकीं गाऱ्हाणें ऐकावयाचें कोणीं, हेंच पुष्कळदां ठरत नाहीं. शिवाय कित्येक जागा वर्षानुवर्षें रिकाम्या राहतात व त्यांचें काम तासिका तत्त्वावरील अध्यापकांकडून करून घेतलें जातें. या मंडळींस जितके तास तितकें मानधन. सुटींत कांहीं नाहीं. तेव्हां ‘गुरूनें संप करूं नये’ असें म्हणणाऱ्यानें ‘गुरूला दाद कोठें मिळावी’ याचेंहि उत्तर शोधलें पाहिजे.

शहाण्णव दिवसांचा बहिष्कार

या विषयाचें सर्वांत बोलकें उदाहरण २०१३ सालचें आहे. ‘एम्फुक्टो’ या आद्याक्षरी नांवानें ओळखल्या जाणाऱ्या महाराष्ट्रांतील प्राध्यापकांच्या महासंघानें ४ फेब्रुवारी २०१३ पासून परीक्षेच्या सर्व कामांवर बहिष्कार पुकारला. मुख्य मागण्या दोन होत्या. पहिली सहाव्या वेतन आयोगाच्या थकबाकीची. ती वेतनश्रेणी १ जानेवारी २००६ पासून लागू धरलेली असून सात वर्षें होत आलीं तरी हिशेब पुरा झालेला नव्हता. दुसरी मागणी १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळांत नेमल्या गेलेल्या, परंतु नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण नसलेल्या अध्यापकांची सेवा नियमित करण्याची.

वर्ग चालू राहिले. परंतु प्रात्यक्षिकें घेणें, परीक्षागृहांत देखरेख ठेवणें, उत्तरपत्रिका तपासणें हीं कामें सदस्यांनीं सोडलीं. फेब्रुवारी ते मे हाच विद्यापीठांच्या परीक्षांचा हंगाम. बहिष्काराचा घाव नेमका मर्मावर बसला. राज्यांत ठिकठिकाणीं परीक्षा पुढें ढकलाव्या लागल्या, कांहीं ठिकाणीं मिळतील त्या माणसांकडून उरकाव्या लागल्या, आणि निकालांचें वेळापत्रक कोलमडलें. प्रकरण उच्च न्यायालयांत गेलें, आणि न्यायालयानें कान उपटल्यावर १० मे रोजीं बहिष्कार मागें घेण्यांत आला. पहिला व शेवटचा दिवस धरून हे ९६ दिवस होतात.

पुढें काय झालें? २७ जून २०१३ रोजीं सरकारनें नेट-सेट नसलेल्या अध्यापकांविषयीं निर्णय काढला. सेवा कोणत्या दिवसापासून धरावयाची याचा वाद मात्र चालू राहिला. बहिष्काराच्या काळांतील ७१ दिवसांचें वेतन सरकारनें अडवून धरलें होतें. तें मिळावें ही मागणी पांच वर्षांनंतर, २५ सप्टेंबर २०१८ रोजीं सुरू झालेल्या संपाच्या मागण्यांतहि होती. तो संप ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यांत आश्वासनांवर मिटला.

येथें एक गोष्ट वाचकांनीं बारकाईनें पाहावी. प्राध्यापकांच्या थकबाकीस कागद आहे. तिचा आंकडा आहे, तिच्यासाठीं न्यायालयांत जातां येतें, आणि उशिरां कां होईना, ती हप्त्याहप्त्यानें हातीं येते. विद्यार्थ्याचे जे तीन महिने गेले त्यांचा कागद कोठेंच नाहीं. काळाची थकबाकी कोणी देत नाहीं, आणि ती मागण्यासाठीं विद्यार्थ्याजवळ महासंघहि नसतो.

जुन्नर-आंबेगांवांतील पंचांग

जुन्नरचें श्री शिव छत्रपती महाविद्यालय, नारायणगांवचें ग्रामोन्नती मंडळाचें महाविद्यालय, ओतूरचें अण्णासाहेब वाघिरे महाविद्यालय, मंचरचें अण्णासाहेब आवटे महाविद्यालय, घोडेगांवचें बी. डी. काळे महाविद्यालय अशीं उच्च शिक्षणाचीं केंद्रें या दोन तालुक्यांत आहेत. हीं पुणें विद्यापीठास जोडलेलीं. १९४९ सालीं स्थापन झालेल्या या विद्यापीठास २०१४ पासून सावित्रीबाई फुले यांचें नांव आहे. पुण्यामुंबईंत कोणी बहिष्काराची घोषणा केली, कीं तिची छाया सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत पोंचते. परंतु ती पडते एका निराळ्याच जीवनक्रमावर.

कुकडी, मीना आणि घोड या नद्यांच्या कांठचा पूर्वभाग बागाइती. येथें कांदा, टोमॅटो, द्राक्ष व ऊंस पिकतो. पश्चिमभाग डोंगराळ, तेथें भाताचीं खाचरें व हिरड्याचीं झाडें. मार्च-एप्रिल हा पूर्वेकडे रब्बी कांद्याच्या काढणीचा काळ. त्याच सुमारास पश्चिमेकडे बाळहिरडा गोळा करण्याचें काम येतें, आणि महादेव कोळी कुटुंबांच्या वर्षाच्या रोख कमाईचा मोठा भाग त्यावर असतो. जुलैंत भातलावणी. एप्रिल-मे लग्नसराई. या पंचांगांत विद्यापीठाची परीक्षा ही एक खुंटी आहे. ‘पोरीची परीक्षा आहे, तिला शेतावर बोलावूं नका,’ असें आई म्हणूं शकते, तें परीक्षेची तारीख कागदावर असते म्हणून. तारीख अनिश्चित झाली कीं खुंटी निखळली, आणि तिच्यावर टांगलेलें सारें खालीं आलें.

शहरांतील मुलाचें वर्ग बंद पडले तर तो अभ्यासिकेंत जातो, शिकवणीस जातो, मित्राकडून टिपणें आणतो. येथील मुलगा गांवीं राहिला, कीं त्याच्या दोन हातांना शेत लगेच काम देतें. त्यांत कोणाचा दुष्ट हेतु नसतो. मजूर मिळत नाहीं, कांदा चाळींत जावयाचा आहे, आणि पोरगा ‘रिकामा’ दिसतो आहे. दोन आठवड्यांनीं संप मिटतो. परंतु पुस्तकापासून तुटलेलें मन दोन दिवसांत पुन्हां बसत नाहीं.

घोडेगांवच्या पश्चिमेस, डिंभें धरणाच्या जलाशयापलीकडील एकाद्या वाडींतील मुलगी डोळ्यांपुढें आणावी. घरांतील पहिलीच पदवीची परीक्षा. सकाळच्या एस. टी.नें यावयाचें, संध्याकाळच्या मुक्कामाच्या गाडीनें परत जावयाचें. सवलतीचा मासिक पास काढलेला. वर्ग झाले काय, न झाले काय, पासाचे दिवस सरतच असतात. ‘आज तास होतील कीं नाहीं’ हें तिला महाविद्यालयांत पोंचल्यावरच कळतें. आणि एक तास होऊन बाकीचे बुडाले तरी संध्याकाळच्या गाडीपर्यंत बसून राहावें लागतें. बिबट्याच्या भयानें अंधार पडण्यापूर्वीं मुलगी घरांत यावी असें आईबापांस वाटतें, तें या तालुक्यांत मुळींच अवास्तव नाहीं. चार दिवस असे गेले कीं वडील म्हणतात, ‘‘उगीच हेलपाटे कशाला? कॉलेज सुरू झालें म्हणजे जा.’’ हें वाक्य प्रेमाचें आहे. परंतु पुष्कळ शिक्षण याच वाक्यावर थांबतें.

पुढची पायरी अधिक नाजूक आहे. परीक्षा एप्रिलांतून जूनांत गेली, आणि मध्यंतरीं स्थळ चालून आलें. ‘‘परीक्षा काय, नंतरहि देतां येईल,’’ असें सासरकडून म्हणवून घेऊन मे महिन्यांत लग्न उरकतें. नंतर ती परीक्षा दिली जातेच असें नाहीं. मुलीची परीक्षा पुढें गेली कीं तिचें लग्न अलीकडे येतें, हा व्यवहार आमच्या सुशिक्षित घरांतूनहि अगदीं नाहींसा झालेला नाहीं. मग वाड्यावस्त्यांची कथा कशाला?

नुसत्या वार्तेचा परिणाम

येथवर प्रत्यक्ष संपाचें झालें. परंतु संप होईल कीं होणार नाहीं अशी जी अधांतरीं अवस्था असते, ती कित्येकदां अधिक जाचक ठरते. संप झाला तर निदान तो झाला असें कळतें. वार्तेच्या काळांत विद्यार्थी अभ्यासहि करीत नाहीं आणि विश्रांतीहि घेत नाहीं. ‘परीक्षा पुढें जाणारच’ अशी कुजबुज सुरू होते, हुशार मुलें तिच्यावर विश्वास ठेवीत नाहींत, मध्यम मुलें ठेवतात. मग वाटाघाटी यशस्वी होऊन परीक्षा ठरल्या दिवशींच झाली, तर फसतात तीं हीं मध्यम मुलें. न झालेल्या संपाचें नुकसान कोणत्याहि हिशेबांत धरलें जात नाहीं.

शिवाय आजच्या सत्रपद्धतींत दिवस फार मोजके असतात. वर्षाचे १८० अध्यापनदिन धरले, तर एका सत्राच्या वांट्यास नव्वदच येतात. २०१८ सालासारखा छोटा संप कामाच्या आठ-नऊ दिवसांचा धरला, तरी सत्राचा दहावा हिस्सा गेला. भाषा किंवा इतिहासाचा विद्यार्थी तो वाचून भरून काढील. रसायनाच्या प्रयोगशाळेंतील बुडालेलें प्रात्यक्षिक घरीं कसें करणार?

या भागांतील मुलांनीं आणखी एक संप सोसला आहे. २०२१ च्या ऑक्टोबराअखेरीस सुरू झालेला एस. टी. कर्मचाऱ्यांचा संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत रेंगाळला. करोनाच्या टाळेबंदीनंतर महाविद्यालयें नुकतींच उघडत होतीं. प्राध्यापक वर्गांत हजर, आणि मुलें वाडींतच अडकलेलीं, असा उलटा प्रकार तेव्हां झाला. त्यानंतर १४ ते २० मार्च २०२३ या आठवड्यांत जुन्या निवृत्तिवेतनासाठीं सरकारी व निमसरकारी कर्मचाऱ्यांनीं संप केला, तोहि बारावीच्या परीक्षेच्या ऐन दिवसांत. प्रत्येक मागणीला कांहीं ना कांहीं आधार होता. परंतु एकाच मुलाच्या पांच-सहा वर्षांच्या शिक्षणांत हीं सर्व विघ्नें एकापुढें एक आलीं, हें कोणत्याहि एका संघटनेला दिसत नाहीं; तें फक्त घराला दिसतें.

बाहेर काय करतात

हा प्रश्न केवळ आपलाच आहे असें नाहीं. कॅनडांतील ऑन्टॅरिओ प्रांतांत, जेथें आज आपल्याकडील पुष्कळ मुलें शिकावयास जातात, २०१७ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत २४ सार्वजनिक महाविद्यालयांतील अध्यापकांचा संप पांच आठवडे चालला आणि शेवटीं कायदा करून मिटविला गेला. इंग्लंडादि देशांत २०२३ च्या एप्रिल ते सप्टेंबर या काळांत विद्यापीठीय अध्यापकांनीं उत्तरपत्रिका तपासण्यावर बहिष्कार घातला, आणि कित्येक विद्यार्थ्यांना अंतिम गुणांवांचूनच पदवीदान समारंभास बसावें लागलें. आपल्या २०१३ ची ती जणूं दुसरी आवृत्तिच.

परंतु ऑन्टॅरिओची एक गोष्ट घेण्याजोगी आहे. ज्यांना पुढें शिकणें शक्य नव्हतें त्यांना त्या सत्राची फी परत घेऊन बाहेर पडण्याची मुभा तेथें देण्यांत आली, आणि संपामुळें ज्यांच्यावर जादा खर्च पडला त्यांच्यासाठीं ठराविक मर्यादेपर्यंत मदतीची तरतूद झाली. रक्कम मोठी होती असें नव्हे. पण भांडणाऱ्या दोन पक्षांखेरीज एक तिसराहि आहे आणि त्याचेंहि नुकसान झालें आहे, एवढें त्यांत मान्य केलें गेलें. आपल्याकडील तडजोडीच्या कागदांत वेतनाचें कलम असतें, रजेचें असतें, भरतीचें असतें. बुडालेले तास केव्हां, कोणत्या दिवशीं आणि कोणीं भरून द्यावयाचे याचेंहि एक कलम घालावें, अशी मागणी पालकांनीं करावयास काय हरकत आहे?

घरानें काय करावें

सरकार व संघटना यांचें जें व्हावयाचें तें होवो. घराच्या हातीं कांहीं गोष्टी निश्चित आहेत.

पहिली गोष्ट, वार्ता कोणत्या प्रकारची आहे तें नीट पाहावें. एक दिवसाचा लाक्षणिक संप, वर्ग बंद ठेवणारा बेमुदत संप आणि केवळ परीक्षेच्या कामावरील बहिष्कार या तीन निराळ्या गोष्टी आहेत. परीक्षेची तारीख विद्यापीठाच्या परिपत्रकानें बदलते; शेजाऱ्याच्या सांगण्यानें किंवा फोनवर फिरणाऱ्या मजकुरानें बदलत नाहीं. परिपत्रक निघेपर्यंत ठरलेली तारीख हीच खरी मानून अभ्यास चालू ठेवावा.

दुसरी गोष्ट, संप सुरू होण्यापूर्वींच ग्रंथालयांतून पुस्तकें आणून ठेवावीं, प्रात्यक्षिकांचीं जर्नलें पुरीं करून सह्या घ्याव्या, आणि अर्ज, दाखले, मागील गुणपत्रकें यांच्या प्रती जवळ ठेवाव्या. निकाल लांबला तर पुढील प्रवेशाच्या किंवा नोकरीच्या जागीं मुदतीविषयीं लेखी विचारणा वेळींच करावी; मुदत टळल्यावर केलेली तक्रार कोणी ऐकत नाहीं.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. परीक्षा पुढें गेल्यानें जी रिकामी जागा दिसते, ती रिकामी नाहीं. तिच्यांत लग्न, शेतीचें मोठें काम किंवा दूरचा प्रवास बसवूं नये. मुलाचे सकाळचे तीन तास ठरवून द्यावे आणि त्या तासांत त्याला हांक मारूं नये. एका गांवांतील चार-पांच विद्यार्थी एकत्र बसून वाचूं लागले, तर अर्धा वर्ग तेथेंच भरतो. ज्या घरांत शिकलेलें वडील माणूस आहे, त्यानें अशा वेळीं शेजारच्या मुलांसहि ओटीवर बसवून घ्यावें. आपल्या घरांतील विद्या चुलत-मावस नात्यांपुरती राखण्याचे दिवस गेले.

चौथी गोष्ट काकांसाठीं आहे. संघटनेची शिस्त पाळूनहि अध्यापकाला पुष्कळ करतां येतें. अभ्यासक्रम संपाच्या आधीं पुरा करावा. मुलांना समोर बसवून आपली मागणी काय, ती कां, आणि त्यांचे बुडालेले तास आपण कसे भरून देणार, हें सरळ सांगावें. अध्यापकाचें दुःख जो विद्यार्थी समजतो, तो उद्यां त्याचा साक्षीदार होतो. ज्याला कांहींच सांगितलें नाहीं, तो त्याच्याविषयींचा आदर गमावून बसतो. आणि आदर गेल्यावर वाढलेल्या वेतनानेंहि वर्ग भरत नाहीं.

शेवटची गोष्ट आजोबांसाठीं. मुलांसमोर अध्यापकाची निंदा करूं नये. ज्याच्यापाशीं उद्यां पुन्हां शिकावयाचें आहे, त्याला आज घरांत आळशी, लोभी ठरविलें, तर नुकसान मुलाचेंच होतें.

लेखाच्या आरंभीं ज्या पंगतीचें वर्णन केलें, तिच्याकडे पुन्हां वळूं. काकांचें म्हणणें न्याय्य असूं शकतें, आणि पुतणीचें दुःखहि खरें असतें. एक खरें म्हणून दुसरें खोटें ठरत नाहीं. मोठ्या कुटुंबांत राहण्याचा लाभ हाच कीं, दोन खरीं एका ताटाशेजारीं बसवून जेवणें आपल्याला लहानपणापासून येतें. काकांच्या मागणीचा निकाल लागेल तेव्हां लागो. परंतु आज रात्रीं जेवणें झाल्यावर काकांनीं पुतणीला विचारावें, ‘‘बाळ, तुझा कोणता भाग राहिला आहे? आण वही, बसूं.’’ एवढें झालें, तर संप होवो वा न होवो, त्या घरांतील एक वर्ष तरी वायां जाणार नाहीं. आणि ज्या वाडींत असे काका नाहींत, तेथील मुलीसाठीं आपल्या ओटीवरचा दिवा थोडा अधिक वेळ ठेवतां येईल कीं नाहीं, याचाहि विचार प्रत्येक वाचकानें आपापल्या मनाशीं करावा.